गाळलेली ब्याऐंशी गाणी

'मान्योशू' हा जपानी भाषेतला उपलब्ध असलेला सर्वांत जुना काव्यसंग्रह. त्याच्या विसाव्या खंडात एक छोटी नोंद पुन्हापुन्हा येते. एखाद्या प्रांतातून आलेली गाणी संपली की शेवटी लिहिलेले असते : अमुक तारखेला अमुक अधिकाऱ्याने गाणी सादर केली, ती इतकी होती, त्यांतली ओबडधोबड होती ती घेतलेली नाहीत. कवितेच्या पुस्तकापेक्षा कचेरीच्या आवक-बारनिशीत शोभावी अशी ही नोंद आहे. वाचक तिच्यावरून पुढे सरकतो. मीही कितीतरी दिवस तशीच पुढे सरकत होते.

एकदा वहीच्या मागच्या पानावर मी या आकड्यांची बेरीज केली. प्रांत दहा. आलेली गाणी १६६, संग्रहात घेतलेली ८४. म्हणजे ८२ गाणी गाळली गेली. शिनानो प्रांतातून १२ आली, ३ राहिली. काझुसातून १९ आली, त्यांतली १३ टिकली. सागामीतून ८ आली, ३ उरली. ही गाणी रचणारे दरबारी कवी नव्हते. ते होते पूर्वेकडच्या खेड्यांतून सरहद्दीवर पहाऱ्यासाठी धाडलेले शिपाई, जपानी शब्दात 'साकिमोरी'. त्यांची गाणी निवडणारा होता त्यांना पुढे पाठवण्याची जबाबदारी असलेला लष्करी खात्याचा अधिकारी.

मान्योशूविषयी आजवर भरपूर लिहिले गेले आहे. माझा प्रश्न लहान आहे. ही ८२ गाणी गाळणारा माणूस आपण गाळली हे सांगतो आणि किती गाळली हेही मोजून सांगतो. या सांगण्याने त्या संग्रहाचे काय होते?

१

आधी थोडी पार्श्वभूमी. मान्योशूचे खंड वीस, कविता सुमारे साडेचार हजार. त्यांतल्या बहुतेक तान्का, म्हणजे ५-७-५-७-७ अशा एकतीस मात्रांच्या. संग्रहातली तारीख असलेली शेवटची कविता इसवी सन ७५९ च्या नववर्षदिनाची आहे. ती ओतोमो नो याकामोची याची. शेवटचे चार खंड तर त्याच्या काव्यरोजनिशीसारखेच आहेत, म्हणून संग्रहाला अखेरचे रूप देण्यात त्याचा हात मोठा असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात.

इसवी सन ६६३ मध्ये कोरियाच्या किनाऱ्यावर हाकुसुकिनोए इथे तांग आणि सिल्ला यांच्या फौजांनी जपानी आरमाराचा धुव्वा उडवला. शत्रू समुद्र ओलांडून येणार या धास्तीने पुढच्याच वर्षी त्सुशिमा, इकी ही बेटे आणि त्सुकुशी, म्हणजे आजच्या क्यूशूचा उत्तर भाग, इथे पहारे बसवले गेले. पुढे या पहाऱ्यासाठी माणसे आणली जात ती देशाच्या दुसऱ्या टोकाकडून, पूर्वेकडच्या प्रांतांतून. मुदत तीन वर्षांची. नानिवापर्यंत, म्हणजे आजच्या ओसाकापर्यंत, पायी यायचे आणि वाटेतली शिदोरीही पदरचीच. तिथून पुढे जहाजाने. ज्या शत्रूसाठी हा सगळा खटाटोप, तो काही आला नाही.

इसवी सन ७५५ च्या दुसऱ्या महिन्यात याकामोची लष्करी खात्यातला दुय्यम अधिकारी म्हणून नानिवाला होता. प्रांताप्रांतांतून शिपायांच्या तुकड्या घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे शिपायांची गाणीही सुपूर्द केली. आपण वाचतो ती ही ८४ गाणी. त्यानंतर दोनच वर्षांनी, ७५७ मध्ये, पूर्वेकडून शिपाई नेण्याची ही पद्धत बंद झाली. म्हणजे ही गाणी गोळा झाली ती अगदी शेवटच्या घटकेला.

२

मान्योशूची ओळख करून देताना एक वाक्य हमखास येते : सम्राटापासून शेतकऱ्यापर्यंत साऱ्या जनतेचा हा संग्रह आहे. साकिमोरींची गाणी हा या विधानाचा मुख्य पुरावा. मीही पहिल्यांदा याच ओढीने या संग्रहाकडे वळले. परंतु शिनादा योशिकाझु या अभ्यासकाने २००१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की 'जनतेचा संग्रह' ही कल्पनाच आधुनिक आहे. मेइजी काळात नव्या राष्ट्राला स्वतःचे राष्ट्रीय काव्य हवे होते आणि मान्योशूला ते स्थान देण्यात आले. त्याआधीची हजार वर्षे हा संग्रह दरबारी आणि विद्वान मंडळींच्या पलीकडे फारसा गेलेला नव्हता. तो वाचताही येत नव्हता. चिनी अक्षरे जपानी उच्चारांसाठी वापरणारी त्याची लेखनपद्धती इतकी अवघड होऊन बसली होती, की ९५१ साली सम्राट मुराकामीने पाच विद्वानांना तिचा उलगडा करण्याच्या कामाला बसवले.

शिनादांचा आक्षेप मान्य करायलाच हवा. त्याच्या जोडीला आणखी एक शंका आहे. ही गाणी एकतीस मात्रांच्या साच्यात इतकी नेमकी कशी बसली? रचणाऱ्यांपैकी काही जण स्थानिक वजनदार घराण्यांतले होते, हे त्यांच्या नावांमागच्या उपाध्यांवरून दिसते. अधिकाऱ्याच्या हातून सादर झालेले गाणे अधिकाऱ्याच्या कानांतून गेलेले असते. तेव्हा हा 'जनतेचा थेट आवाज' नव्हे.

मग उरते काय? माझ्या मते बरेच उरते. पण ते पाहण्यासाठी 'जनता' हा मोठा शब्द बाजूला ठेवून चाळणीकडे पाहावे लागते. तिने काय अडवले हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. तिने काय जाऊ दिले हे मात्र समोर आहे.

३

पहिली गोष्ट, नावे. चौदाव्या खंडातही पूर्वेकडची दोनशेच्या वर गाणी आहेत, ती सारी निनावी. विसाव्या खंडात मात्र गाण्यामागे रचणाऱ्याचे नाव येते आणि बहुधा त्याचा जिल्हा व दर्जाही. मुसाशी प्रांतातून घेतलेल्या १२ गाण्यांपैकी निम्मी शिपायांच्या बायकांची आहेत आणि त्यांचीही नावे आहेत. तोशिमा जिल्ह्यातली उजिबे नो कुरोमे ही त्यांतली एक. तिच्या गाण्यात मोठे दुःख नाही, घरातली एक अडचण आहे. घोडा डोंगरात चरायला सोडलेला, तो ऐन वेळी हाती लागत नाही, आणि आता नवऱ्याला तामाच्या डोंगररांगेतून पायी जावे लागणार. ही रांग आजच्या तोक्योच्या पश्चिमेला आहे. बाराशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी तिथे एका बाईचा घोडा सापडत नव्हता, हे आपल्याला तिच्या नावानिशी ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट, बोली. विसाव्या खंडातली ही गाणी बहुतांशी उच्चारानुसार लिहिली आहेत. त्यामुळे पूर्वेकडचे उच्चार जसेच्या तसे राहिले. सुरुगा प्रांताच्या हासेत्सुकाबे नो इनामारो याचे गाणे निघताना डोक्यावरून हात फिरवणाऱ्या आईबापांविषयी आहे. त्यांचे शब्द विसरता येत नाहीत, एवढेच तो सांगतो. त्यात 'शब्द' या अर्थाचा शब्द राजधानीच्या भाषेत 'कोतोबा' असा होता. इनामारोच्या गाण्यात तो 'केतोबा' आहे. आपल्याकडे एखाद्याने 'पाणी'ऐवजी 'पानी' लिहिले तर पहिली लाल रेघ तिथे पडते. इथे सुरुगाच्या लेखनिकाने ती मारली नाही आणि पुढे दरबारी वळणाच्या याकामोचीनेही नाही. आईबापांचे शब्द ज्या तोंडाने आठवायचे, त्या तोंडाचा उच्चार राहिला.

बोलीचे दुसरे उदाहरण तर गमतीचे आहे. मुसाशीचीच कुराहाशिबे नो ओतोमे ही बाई निघालेल्या नवऱ्याला सुई देते. प्रवासात अंगावरच्या कपड्यानिशीच झोपावे लागणार, बंद तुटला तर ही सुई घेऊन स्वतःच्या हाताने तो लावायचा, अशी तिची सूचना आहे. जपानमध्ये प्रेमिकांनी एकमेकांचे बंद बांधणे हा दरबारी कवितेतला जुना, नाजूक संकेत. ओतोमे त्याच संकेताला हात घालते, पण तिच्या हातात सुई आहे. 'लाव' या आज्ञेसाठी ती 'त्सुकेरो' हे रूप वापरते. राजधानीच्या लोकांनी 'त्सुकेयो' म्हटले असते. 'रो'ने संपणारी आज्ञा ही पूर्वेकडची, म्हणजे तेव्हा गावंढळ मानली जाणारी बोली. पुढे राजधानी पूर्वेकडे सरकली, एदोचे तोक्यो झाले, आणि आजच्या प्रमाण जपानीत आज्ञार्थ 'त्सुकेरो' असाच आहे. अशुद्ध शब्द खोडण्याचा अधिकार ज्याच्या हातात होता त्याने तो वापरला नाही, म्हणून आजच्या प्रमाण भाषेचा एक पूर्वज आपल्याला एका शिपायाच्या बायकोच्या तोंडी सापडतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शिमोत्सुकेच्या नासु जिल्ह्यातला ओतोमोबे नो हिरोनारी याचे गाणे हे गाणे कमी आणि तक्रार अधिक आहे. आपण आजारी असताना आपल्याला साकिमोरी म्हणून धाडणारा माणूस दुष्ट आहे, असे तो सांगतो. गाण्याचा पहिला शब्द नेमका कोणाला उद्देशून आहे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण बाकीचा अर्थ स्वच्छ आहे. भरती करणाऱ्या यंत्रणेविरुद्धची ही तक्रार त्याच यंत्रणेच्या वरिष्ठाने वाचली आणि घेतली.

तेव्हा 'ओबडधोबड' या शेऱ्याचा अर्थ लावताना दोन शक्यता बाद होतात. बोलीभाषेमुळे गाणी गाळली असती, तर इनामारो आणि ओतोमे टिकले नसते. भावना गैरसोयीची म्हणून गाळली असती, तर हिरोनारी टिकला नसता. राहते ती रचनेची कसोटी : मात्रा बसल्या की नाहीत, म्हणणे उतरले की नाही. ही कसोटीही दरबाराचीच, हे खरे. पण ती कारागिराची कसोटी आहे, पहारेकऱ्याची नाही.

४

चाळणी धरणाऱ्याचेही या कामात काहीतरी झाले, याचा पुरावा त्याच खंडात आहे. गाणी येत असतानाच याकामोचीने साकिमोरींवर तीन दीर्घ कविता लिहिल्या. पहिली दुसऱ्या महिन्याच्या आठव्या दिवशीची. तिच्यात तो शिपायांकडे बाहेरून पाहतो. पूर्वेकडचे पुरुष शूर, सम्राटाच्या आज्ञेने दूरच्या ठाण्यावर निघालेले, आणि मागे राहिलेल्या बायका, असे ते परंपरेतले चित्र आहे. दुसरी एकोणिसाव्या दिवसाची. इथे 'तो' जाऊन 'मी' आलेला आहे, शिपाई स्वतः बोलतो. तिसरी तेविसाव्या दिवसाची. तिच्यात आई, बाप, बायको, मुले अशी सगळ्यांची ताटातूट सविस्तर येते. हा मजकूर आधीच्या दरबारी कवितेतून आलेला नाही. तो टेबलावर साठत चाललेल्या गाण्यांतून आलेला आहे.

पंधरा दिवसांत एक उच्चपदस्थ कवी आपल्या हाताखालच्या माणसांची गाणी वाचता वाचता 'ते'कडून 'मी'कडे सरकतो. यात लबाडी नाही का, असे कोणी विचारेल. शिपायाला जहाजात बसवायचे आणि त्याच्याच तोंडून रडायचे! हा आक्षेप मी उडवून लावत नाही. याकामोचीने कोणाला घरी परत पाठवले असे कुठे दिसत नाही. पण त्याने शिपायांच्या गाण्यांच्या जागी आपली कविता ठेवली नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. तुलना करण्याची सोय त्यानेच करून दिली आणि त्या तुलनेत अनेकदा त्याचीच कविता फिकी पडते. शिनानोच्या ओसादा नो तोनेरि ओशिमा याच्या एका तान्कात वस्त्राच्या टोकाला धरून रडणारी मुले आहेत आणि त्या मुलांना आई नाही, एवढीच माहिती शेवटी येते. याकामोचीच्या लांबलचक कवितेत एवढे कुठे नाही.

५

आता दुसरी चाळणी. ती १९४२ ची आहे.

त्या वर्षाच्या अखेरीस, युद्ध ऐन भरात असताना, 'आइकोकु ह्याकुनिन इश्शु' या नावाने शंभर कवींच्या एकेका देशभक्तिपर कवितेची निवड प्रसिद्ध झाली. ती साहित्यिकांच्या राष्ट्रनिष्ठ संघटनेने केली होती आणि निवड करणाऱ्यांत सासाकी नोबुत्सुना, साइतो मोकिची यांच्यासारखे मान्योशूचे नामवंत जाणकार होते. तिच्यात साकिमोरींनाही मानाचे स्थान मिळाले. दहा जणांच्या तुकडीचा प्रमुख इमामात्सुरिबे नो योसोफु याचे, आजपासून मागे वळून न पाहता सम्राटाची ढाल होऊन निघण्याचे गाणे तर त्या काळात कमालीचे गाजले. याकामोचीच्या ७४९ सालच्या एका दीर्घ कवितेतला पूर्वजांच्या शपथेचा भाग १९३७ साली नोबुतोकी कियोशी यांनी स्वरबद्ध केला होता. 'उमि युकाबा' या नावाने तो युद्धकाळात जणू दुसरे राष्ट्रगीतच झाला होता.

या निवडीतला हिताची प्रांताचा ओतोनेरिबे नो चिफुमि मला सोडत नाही. मान्योशूत त्याची दोन गाणी लागोपाठ आहेत आणि ती दोन्ही त्याची, अशी एकच नोंद त्यांच्याखाली आहे. निवडकर्त्यांनी त्यांतले दुसरे उचलले. त्यात काशिमाच्या देवाची प्रार्थना करत सम्राटाच्या सैन्यात दाखल झाल्याचा उल्लेख आहे. पहिले गाणे बायकोविषयी आहे. त्सुकुबा डोंगरावरच्या लिलीच्या फुलाशी तिची तुलना करून, ती रात्री अंथरुणात लाडकी आहे आणि दिवसाही तितकीच लाडकी आहे, असे तो मोकळेपणाने सांगतो. 'लाडकी' हा शब्दही त्याच्या बोलीतला आहे.

एका कवीची एकच कविता घ्यायची, असा त्या संग्रहाचा साचाच होता. तेव्हा एक सुटणे अपरिहार्य होते, हे मान्य. पण दुसरे गाणे एकटे काढले की त्याच्या शेवटच्या 'ओ' या एकाक्षरी अव्ययाचे काय करायचे? जुन्या जपानीत हे अव्यय वाक्याच्या शेवटी आले की नुसता जोर देते, किंवा वाक्य अर्ध्यावर सोडते. आपण 'गेलो खरा…' असे म्हणून थांबतो, आणि पुढे काहीतरी 'पण' आहे हे ऐकणाऱ्याला कळते, तसे. गाणे एकटे वाचले तर जोर ऐकू येतो : सैन्यात आलो आहे! बायकोच्या गाण्याला लागून वाचले तर तोच 'ओ' अडखळतो. सैन्यात आलेला माणूस शेजारच्या गाण्यात अजून घरातच आहे. दोन्ही अर्थ व्याकरणात बसतात. पण याकामोचीच्या संग्रहात दोन्ही शक्य आहेत, १९४२ च्या संग्रहात एकच.

या दोन चाळण्यांतला फरक मला इथे दिसतो. पहिलीने निम्मी गाणी टाकली आणि तसे लिहून ठेवले. दुसरीने ८४ मधली मोजकीच घेतली, आणि साकिमोरी म्हणजे हेच, असे वाचकाला वाटू दिले. खंड विसावा वाचणाऱ्याला ढाल होऊन निघालेला योसोफु भेटतो आणि आजारपणात पकडून आणलेला हिरोनारीही भेटतो. दोघे एकाच शिमोत्सुके प्रांताचे, एकाच यादीतले. १९४२ च्या वाचकाला पहिला तेवढा भेटला. त्यातले किती जण तेव्हा स्वतः गणवेशात होते आणि किती जणांना हिरोनारीची गरज होती, याचा विचार केला की निवड ही केवळ अभिरुचीची बाब राहत नाही.

६

'गाथासप्तशती' हाताळलेल्या मराठी वाचकाला निवडीचा हा प्रश्न परका नाही. हाल सातवाहनाने कोटी गाथांमधून सातशे निवडल्या, असे त्या संग्रहातच सांगितलेले आहे. लहानपणापासून ऐकलेल्या या कोटीचा मला अभिमान वाटत आला होता. साकिमोरींच्या नोंदी वाचल्यावर तिच्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. कोटी ही गौरवाची संख्या आहे. ती निवडणाऱ्याचा आवाका सांगते, टाकलेल्या गाथांविषयी काहीच सांगत नाही. १६६ ही कचेरीतली संख्या आहे. तिच्यात गौरव नाही, पण तिच्यातून ८४ वजा करता येतात.

संग्रहाच्या प्रामाणिकपणाची माझी कसोटी आता ही वजाबाकी आहे. निवड करणारा प्रत्येक जण गाळतो, त्याला इलाज नाही. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या किंवा लोकगीते संपादित करताना 'निवडक' हा शब्द मुखपृष्ठावर येतो आणि किती ऐकल्या, किती ठेवल्या, कशामुळे सोडल्या, हे प्रस्तावनेत बहुधा येत नाही. ते येणे अवघड नाही. आठव्या शतकातल्या एका सरकारी अधिकाऱ्याला ते कामाच्या धबडग्यात जमले होते.

त्या अधिकाऱ्याच्या नशिबीही पुढे खोडले जाणे आले. याकामोची ७८५ साली वारला. त्यानंतर महिनाही उलटला नसेल तोच एका राजकीय हत्येच्या कटात त्याचे नाव गोवले गेले आणि अधिकाऱ्यांच्या यादीतून काढून टाकण्यात आले. ८०६ साली ते पुन्हा सन्मानाने दाखल झाले. यादीत असणे आणि नसणे यांत किती अंतर असते, हे त्याच्या बाबतीत एकवीस वर्षांच्या हिशोबाने सांगता येते.

शिनानोच्या ओशिमाचे, आईविना मुलांचे गाणे संपल्यावर त्या प्रांताची आणखी दोनच गाणी येतात आणि मग नेहमीची नोंद : आलेली बारा. विसावा खंड वाचताना मी आता तिथे थांबते. नऊ माणसांनी, किंवा त्यांच्या बायकांनी, काहीतरी म्हटले होते. मात्रा बसल्या नसतील, म्हणणे उतरले नसेल. त्यांची नावेही त्या गाण्यांबरोबर गेली. ती नऊ होती एवढे मात्र आपल्याला ठाऊक आहे, कारण गाळणाऱ्याने ती मोजली होती.